नवजाताचा खुबा आणि तपासणारा हात

खुब्याचा सांधा मांडीच्या हाडाचा वरचा गोल माथा आणि त्याला सामावून घेणारी कमरेच्या हाडातील खोलगट वाटी यांचा बनलेला असतो, आणि शरीरशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या जातीच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. जन्माच्या वेळी हा सांधा अपुरा असतो. वाटीचा काठ आणि मांडीच्या हाडाचा माथा हे दोन्ही प्रामुख्याने कूर्चेचे, म्हणजे अजून हाड न बनलेल्या लवचिक ऊतीचे असतात, आणि माथा वाटीत नीट बसून राहिला तरच त्याच्या दाबाने वाटीला पुढच्या महिन्यांत पुरेशी खोली व गोलाई येते. माथा सैल असला, काठावर रेंगाळला किंवा वाटीबाहेर गेला, तर वाटी उथळ राहते, आणि वाटी उथळ राहिली की माथा तिच्यात ठरत नाही. या दुष्टचक्रातील सर्व अवस्था, किंचित उथळ वाटीपासून पूर्ण निखळलेल्या सांध्यापर्यंत, आज खुब्याचा विकासदोष या एकाच नावाखाली मोडतात. या दोषाचे खरे संकट त्याच्या मूकपणात आहे. बाळाला दुखत नाही, ते दूध पिते, पाय हलवते, वाढते, आणि घरच्यांना पहिली शंका येते ती मूल वर्ष-सव्वा वर्षाचे होऊन पाऊल टाकू लागल्यावर एका बाजूला झुकत चालते तेव्हा. तोवर सोप्या उपचाराचा काळ उलटून गेलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत मऊ पट्ट्यांनी जे साधले असते त्यासाठी आता भूल, प्लास्टर आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया लागते, आणि उपचार राहूनच गेला तर ऐन उमेदीच्या वयात सांधा झिजून जातो. म्हणूनच या दोषाचा इतिहास हा मुख्यतः तो लवकर ओळखण्याचा इतिहास आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ओळखण्याची खूण त्या मानाने लवकर सापडली, पण प्रत्येक बाळाला हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांत ती उतरवण्याचे काम फार उशिरा सुरू झाले आणि अद्याप पुरे झालेले नाही.

प्राचीन वैद्यकाला हा दोष अपरिचित नव्हता. हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात गर्भाशयातच निखळलेल्या खुब्याचा उल्लेख आहे, आणि सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाझ पारे यानेही जन्मजात लंगडेपणाची नोंद केली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मिलानचा जोव्हान्नी बात्तिस्ता पालेत्ता याने एका तान्ह्या बाळाच्या शवविच्छेदनात दोन्ही निखळलेले खुबे पाहून त्यांचे वर्णन केले, तेव्हा हा दोष पडण्या-धडपडण्याने झालेला नसून जन्मापासूनचा असू शकतो, याला शरीररचनेचा पुरावा मिळाला. १८२६ मध्ये पॅरिसचा प्रसिद्ध शल्यविशारद गियोम द्युपुइत्रां याने विज्ञान अकादमीपुढे या विकृतीचे सविस्तर वर्णन मांडले. मात्र त्यावर उपाय आहे असे त्याला वाटत नव्हते, आणि त्याच्या अधिकारामुळे हे मत पुढे दीर्घकाळ टिकून राहिले. ज्या रोगावर उपाय नाही तो लवकर शोधण्याची निकड कोणालाच भासत नाही, आणि एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ या निराशेच्या छायेत गेला.

ती निराशा मोडण्याचे मोठे श्रेय व्हिएन्नाच्या अॅडॉल्फ लोरेंझ याला जाते. निर्जंतुकीकरणासाठी तेव्हा वापरल्या जाणाऱ्या कार्बोलिक आम्लाने त्याच्या हातांची त्वचा सोलवटू लागली आणि त्याला शस्त्रक्रिया सोडावी लागली. त्यातून तो कातडीला छेद न देता, भूल देऊन, केवळ हाताच्या जोराने निखळलेला खुबा वाटीत आणून बसवण्याच्या पद्धतीकडे वळला. इटलीतील पिझाच्या आगोस्तिनो पाची याने त्याआधी हाच मार्ग चोखाळला होता, परंतु कीर्ती लोरेंझला मिळाली. १९०२ मध्ये शिकागोतील धनाढ्य मांस-उद्योजक आर्मर यांच्या मुलीवर उपचार करण्यासाठी त्याला अमेरिकेला पाचारण करण्यात आले, आणि रक्त न सांडणारा शल्यविशारद म्हणून तिथल्या वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. या पद्धतीत सांधा बसवल्यावर मांड्या पूर्ण फाकवून, बेडकाच्या पायांसारख्या स्थितीत, महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवल्या जात. सांधा जागेवर येई हे खरे, परंतु ताणलेल्या त्या स्थितीत मांडीच्या माथ्याकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दबून अनेक मुलांच्या हाडाचा तो भाग मृत होई, आणि जागेवर आलेला सांधा काही वर्षांत विद्रूप होऊन बसे. जितके मूल मोठे तितका जोर जास्त आणि जितका जोर जास्त तितकी हानी मोठी, हे गणित स्पष्ट होत गेले, आणि त्यातूनच लवकर निदानाचा प्रश्न ऐरणीवर आला.

वास्तविक निदानाची खूण तोवर दोनदा सापडून गेली होती. जर्मनीतील मारबुर्गचा शल्यविशारद विल्हेल्म रोझर याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लिहून ठेवले होते की काही नवजातांची मांडी आत वळवली असता माथा वाटीबाहेर सरकतो आणि बाहेर फाकवली असता आत येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरी, पिएर ल दामानी याने नवजातांच्या खुब्यांची पद्धतशीर तपासणी करून माथा आत-बाहेर होताना हाताला जाणवणाऱ्या हिसक्याचे वर्णन केले. ब्रिटनीच्या नैर्ऋत्य टोकाच्या बिगुदेन भागात हा दोष इतका आढळे की बायकांचे लंगडणे तिथे विशेष मानलेच जात नसे, आणि म्हणून ल दामानीला अभ्यासासाठी विपुल सामग्री मिळाली. परंतु नवजातांना पाहणारे वैद्य आणि लंगड्या मुलांवर उपचार करणारे शल्यविशारद ही दोन वेगळी जगे होती. पहिल्यांना या दोषात रस नव्हता आणि दुसऱ्यांकडे मूल येई ते चालू लागल्यावर, जेव्हा हा हिसका लागण्याची अवस्था केव्हाच सरून गेलेली असे. रोझर आणि ल दामानी यांच्या नोंदी ग्रंथालयांत पडून राहिल्या, याचे कारण या दुभंगात शोधावे लागते.

हा दुभंग पहिल्यांदा सांधला तो उत्तर इटलीत. बोलोन्याच्या रिझ्झोली संस्थेचे प्रमुख व्हित्तोरिओ पुत्ती हे पहिल्या वर्षातच उपचार सुरू करण्याचा आग्रह धरत होते आणि अर्भकाच्या मांड्यांमध्ये त्रिकोणी उशी बसवून पाय फाकलेले ठेवण्याची त्यांची पद्धत सौम्य व परिणामकारक होती. प्रश्न एवढाच होता की पहिल्या वर्षात अशी बाळे सापडावीत कशी. शेजारच्या फेर्रारा शहरातील बालरोगतज्ज्ञ मारिनो ओर्तोलानी यांच्याकडे १९३० च्या दशकाच्या मध्यास एक आई आपले काही महिन्यांचे बाळ घेऊन आली. बाळाला धुताना पाय फाकवला की आतून काहीतरी हिसका लागतो, अशी तिची तक्रार होती. ओर्तोलानींनी ती तक्रार उडवून लावली नाही. त्यांनी स्वतः तो हिसका पुन्हा पुन्हा अनुभवला, क्ष-किरणांचे चित्र काढवले आणि सांधा निखळलेला असल्याची खात्री करून घेतली. दोषाच्या या सबंध इतिहासात ज्या निरीक्षणाचा परिणाम सर्वांत दूरगामी ठरला ते मुळात एका आईच्या हाताचे होते, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासकारांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. १९३७ मध्ये ओर्तोलानींनी या फारशा परिचित नसलेल्या खुणेवर आपला लेख प्रसिद्ध केला, १९४८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि फेर्रारामध्ये या दोषासाठी खास केंद्र चालवून अर्भकांच्या तपासणीचा प्रघात पाडला. रोझर आणि ल दामानी या आधीच्या दोघांपेक्षा ते वेगळे ठरले ते बालरोगतज्ज्ञ असल्यामुळे : तान्ही बाळे त्यांच्याच हाताखालून जात होती, आणि खूण ज्यांना दिसू शकते त्यांच्याच भाषेत ती सांगितली जात होती.

याच काळात मध्य युरोपात उपचारही सौम्य होत गेले, आणि त्याशिवाय नवजातांच्या तपासणीला अर्थ उरला नसता. ब्र्नोच्या बेद्रिख फ्रेइका यांनी १९४१ मध्ये मांड्यांमध्ये बांधायच्या उशीचा प्रसार केला. त्यानंतर चेक अस्थिरोगतज्ज्ञ आर्नोल्ड पाव्हलिक यांनी चामड्याच्या पट्ट्यांचे एक साधन बनवले, ज्यात छातीभोवतीच्या पट्ट्याला पायांच्या रिकिबी जोडलेल्या असतात. त्यामुळे खुबे व गुडघे वाकलेले राहतात, पण बाळाला पाय हलवता येतात. लोरेंझच्या पद्धतीतील कोंडलेल्या निश्चलतेमुळे हाड मरते हे पाव्हलिकांनी ओळखले होते, आणि बाळाच्या स्वतःच्या हालचालीनेच माथा हळूहळू वाटीत उतरावा हा त्यांचा विचार होता. १९४६ मध्ये प्राग येथे त्यांनी तो मांडला तेव्हा ज्येष्ठांचा विरोध झाला. आज जगभर अर्भकांसाठी पहिला उपचार म्हणून हेच पट्टे वापरले जातात.

तपासणी सरसकट, म्हणजे प्रसूतिगृहातील प्रत्येक बाळाची, करता येते हे सिद्ध केले ते स्वीडन आणि इंग्लंडने. स्वीडनमधील माल्मे शहरात सोफुस फोन रोसेन यांनी १९५० च्या दशकात जन्मलेल्या सर्व बाळांचे खुबे पहिल्या दिवसांतच पाहण्याची व्यवस्था बसवली, आणि ज्यांचे सैल आढळले त्यांच्यासाठी रबराने मढवलेल्या, वाकवता येणाऱ्या धातूच्या पट्टीची खपाची तयार केली. माल्मेत उशिरा, म्हणजे चालू लागल्यावर, सापडणारी मुले त्यानंतर जवळजवळ दिसेनाशी झाली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॉल्फर्डच्या होप रुग्णालयात टी. जी. बार्लो हे अस्थिशल्यचिकित्सक हेच काम करत होते, आणि १९६२ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ओर्तोलानींची खूण आधीच निखळलेला माथा आत येताना लागते. बार्लो यांना त्यात उणीव दिसली ती ही की जो माथा आज वाटीत आहे पण सहज बाहेर पडू शकतो तो या खुणेने सापडत नाही. म्हणून त्यांनी तपासणीला दुसरा भाग जोडला.

ही तपासणी कशी होते ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे यशापयश तिच्या बारकाव्यांत आहे. बाळ पोट भरलेले, उबदार आणि शांत असावे लागते. रडणाऱ्या बाळाचे स्नायू ताठतात आणि सैल सांधाही घट्ट वाटतो. त्याला सपाट, फारशा मऊ नसलेल्या पृष्ठभागावर उताणे निजवून, लंगोट सोडून, खुबे आणि गुडघे काटकोनात वाकवले जातात. तपासणारा एका हाताने कंबर स्थिर धरतो आणि दुसऱ्या हाताने एका वेळी एकच पाय पाहतो : अंगठा मांडीच्या आतल्या बाजूला, मधले बोट बाहेरच्या बाजूला, जिथे मांडीच्या हाडाचा उंचवटा लागतो तिथे. मांडी हळूच आतल्या बाजूला घेत अंगठ्याने मागे व बाहेर दाब दिला असता सैल माथा वाटीच्या मागच्या काठावरून घसरतो, ही बार्लोंची खूण. आणि मांडी बाहेर फाकवत मधल्या बोटाने उंचवटा वर उचलला असता निखळलेला माथा धप्पकन जागेवर येतो, ही ओर्तोलानींची. हा हिसका कानांनी ऐकण्यापेक्षा बोटांनी जाणण्याचा आहे. अस्थिबंध किंवा गुडघा हलताना होणारा बारीक टक् आवाज बहुतेकदा निरुपद्रवी असतो, आणि नवशिका तपासनीस सर्वाधिक फसतो तो या दोहोंत. जोर लावायचा नसतो. जोराने सांध्याला इजा होते आणि जाणीवही बोथट होते. सारी तपासणी मिनिटभराची आहे, परंतु त्या मिनिटासाठी बोटे तयार व्हायला शेकडो निरोगी सांधे हाताखालून जावे लागतात.

बार्लो यांच्या आकडेवारीने एक नवा प्रश्नही उभा केला. त्यांच्या मते सुमारे दर ६० नवजातांपैकी १ बाळाचा एक किंवा दोन्ही खुबे सैल असतात, पण त्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पहिल्याच आठवड्यात आणि ८८ टक्के पहिल्या दोन महिन्यांत काहीही न करता घट्ट होतात. उरलेले १२ टक्के हे खरे रुग्ण. मग पट्टे सर्वांना बांधायचे की वाट पाहायची? सर्वांना बांधले तर बहुतेकांना विनाकारण बंधनात ठेवल्यासारखे होते, आणि पट्ट्यांमुळेही क्वचित माथ्याचा रक्तपुरवठा बिघडतो. वाट पाहिली तर जी थोडी बाळे आपोआप सुधारणार नाहीत त्यांचा मोलाचा काळ जातो. हाताची खूण या दोन गटांना वेगळे करू शकत नव्हती.

१९६९ मध्ये ब्रिटिश शासनाने देशातील प्रत्येक नवजाताच्या खुब्यांची तपासणी करण्याची शिफारस केली, आणि उशिराचे रुग्ण दिसेनासे होतील अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभीच दक्षिण इंग्लंडमधून उशिरा सापडणाऱ्या मुलांविषयी चिंतेचे अहवाल येऊ लागले, १९८६ मध्ये शिफारशी सुधाराव्या लागल्या, आणि १९९८ मध्ये सारा गॉडवर्ड व कॅरोल डेझाटो यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीने खरे चित्र उघड केले : खुब्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या मुलांचे प्रमाण हजार जन्मांमागे ०.७८ होते, तपासणी सुरू होण्यापूर्वीच्या अंदाजांच्या तुलनेत त्यात ठळक घट दिसत नव्हती, आणि अशा मुलांपैकी ७० टक्के मुलांचा दोष नेहमीच्या तपासणीत सापडलेलाच नव्हता. माल्मेत आणि सॉल्फर्डमध्ये जी खूण अचूक ठरत होती ती देशभर का फसावी? माल्मेत तपासणारे हात मोजके, अनुभवी आणि रोज तेच काम करणारे होते. देशव्यापी योजनेत हे काम प्रसूतिकक्षात काही महिन्यांसाठी आलेल्या, दर पाळीला बदलणाऱ्या सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे गेले, ज्याने ती खूण पुस्तकात वाचलेली असे आणि निखळलेला खुबा हाताखाली कधी अनुभवलेला नसे. दोष खुणेचा नव्हता, तर शिकवणीशिवाय ती सोपवून देण्याचा होता, असेच या आकड्यांवरून म्हणावे लागते. काही सांधे जन्माच्या वेळी घट्ट असूनही वाटी उथळ असल्याने पुढे सरकतात, आणि ते कोणत्याही हाताला पहिल्या दिवशी सापडणे शक्य नाही, ही मर्यादाही या काळात मान्य झाली. १९८९ मध्ये बेलग्रेडच्या प्रेद्राग क्लिसिच यांनी हा दोष जन्मजात न म्हणता वाढीच्या ओघातला म्हणावा, असे सुचवले, आणि पुढे तीच संज्ञा रूढ झाली.

क्ष-किरणांनी या अडचणीवर मात होत नव्हती. कूर्चा क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही, आणि माथ्याच्या मध्यभागी हाडाचे केंद्रक उमटायला साधारण चार ते सहा महिने लागतात. नवजाताच्या चित्रात जो भाग पाहायचा तोच नेमका रिकामा असतो. हा अडसर दूर केला तो ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतातील श्टोल्झआल्पे या डोंगरावरच्या अस्थिरोग रुग्णालयात काम करणाऱ्या राइनहार्ड ग्राफ यांनी. ध्वनिलहरींच्या तपासणीत, म्हणजे आज सर्वांना परिचित असलेल्या सोनोग्राफीत, कूर्चा स्पष्ट दिसते, आणि हाड मात्र लहरी अडवते. मोठ्यांच्या सांध्यासाठी जी गैरसोय तीच अर्भकासाठी सोय ठरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ग्राफ यांनी कामाला सुरुवात केली, पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक रेषेचा शरीररचनेशी मेळ घातला, आणि १९८० मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत अशी की बाळाला कुशीवर, दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या पाळण्यासारख्या साच्यात निजवून, खुब्याच्या बाहेरच्या बाजूने एकच ठरावीक छेद पडद्यावर आणायचा, ज्यात वाटीच्या तळाशी कमरेच्या हाडाची खालची कड, वाटीच्या छताचा मधला भाग आणि वाटीच्या काठावरील कूर्चेची कडा ही तिन्ही दिसलीच पाहिजेत. त्यांतली एक जरी दिसत नसेल तर ते चित्र मोजण्यास अपात्र. पात्र चित्रावर छताच्या हाडाचा कोन मोजतात : ६० अंश किंवा त्याहून अधिक म्हणजे सांधा परिपक्व, ५० ते ५९ म्हणजे तीन महिन्यांखालील बाळात केवळ अपरिपक्व, बहुधा आपोआप सुधारणारा, ४३ ते ४९ म्हणजे धोक्याचा, आणि त्याखाली सांधा निखळण्याच्या मार्गावरचा किंवा निखळलेला. हाताला जे दोन गट वेगळे करता येत नव्हते त्यांच्यात पहिल्यांदाच मोजमापाची सीमारेषा आखली गेली. त्याच दशकात अमेरिकेत डेलावेअरमधील विल्मिंग्टन येथे थिओडोर हार्क यांनी पाय हलवत सोनोग्राफी करण्याची, म्हणजे बार्लो यांची खूण पडद्यावर पाहण्याची, पद्धत विकसित केली. दोन्ही परंपरांचे पुरस्कर्ते आजही आहेत.

ऑस्ट्रियाने १९९२ पासून आणि जर्मनीने १९९६ पासून प्रत्येक अर्भकाची सोनोग्राफी राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. जर्मनीत त्यानंतर शस्त्रक्रियेचे प्रमाण हजारी ०.२६ इतके असल्याचा अहवाल २००३ मध्ये आला, आणि ब्रिटनच्या ०.७८ या आकड्याच्या शेजारी तो ठेवल्यास फरक लक्षणीय वाटतो. अर्थात दोन देशांच्या नोंदींची अशी तुलना सावधपणेच करावी लागते. अधिक काटेकोर उत्तर नॉर्वेत शोधले गेले. बर्गन येथे कारेन रोसेनडाल व सहकाऱ्यांनी ११,९२५ बाळांचे तीन गट केले, एका गटात सर्वांची सोनोग्राफी, दुसऱ्यात फक्त जोखमीच्या बाळांची, तिसऱ्यात कोणाचीच नाही. उशिरा सापडलेल्या मुलांचे प्रमाण अनुक्रमे हजारी ०.३, ०.७ आणि १.३ असे आले, परंतु हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, आणि पहिल्या गटात ३.४ टक्के बाळांवर उपचार झाले, तर उरलेल्या दोन गटांत सुमारे २ टक्क्यांवर. नॉर्वेतल्याच ट्रॉन्डहाइमच्या २००२ मधील १५,५२९ बाळांच्या अभ्यासात सरसकट गटात उशिराचा एक रुग्ण, निवडक गटात पाच. त्याच वर्षी ब्रिटन व आयर्लंडमधील ३३ केंद्रांच्या अभ्यासाने दाखवले की हाताला सैल लागलेल्या बाळांची सोनोग्राफी केल्यास पट्ट्यांचा वापर ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येतो आणि त्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. यातून निघणारा निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या आग्रही मंडळींना पुरता रुचणारा नाही : यंत्र उशिराचे रुग्ण कमी करते असे दिसते, अनावश्यक उपचार टाळायलाही मदत करते, परंतु सर्वांना लावले तर आपोआप बऱ्या होणाऱ्या सांध्यांनाही रुग्ण ठरवण्याचा धोका वाढतो. आणि यंत्र धरणारा हातच असतो. छेद किंचित तिरका गेला तर निरोगी वाटी उथळ दिसते, आणि ग्राफ यांनी आयुष्यभर चित्राच्या पात्रतेबद्दल जो हट्ट धरला तो या अनुभवातूनच आला आहे. ब्रिटनने शेवटी निवडक मार्ग पत्करला : जन्मानंतर ७२ तासांत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येकाची हाताने तपासणी, आणि सोनोग्राफी फक्त शंका आलेल्या किंवा जोखमीच्या बाळांची. पहिली तपासणी तिथे आता खास प्रशिक्षण घेतलेल्या सुईणीही करतात, आणि १९६९ च्या योजनेत जे राहून गेले होते ते असे थोडेफार भरून निघाले आहे.

जोखीम कोणाला अधिक, हे दीर्घकाळच्या निरीक्षणांतून ठरत गेले आहे. मुलींना मुलांच्या कित्येक पट, पहिलटकरणीच्या बाळाला, घराण्यात हा दोष असल्यास, आणि सर्वांत ठळकपणे पायाळू बाळाला, म्हणजे जे गर्भाशयात डोके वर आणि बूड खाली अशा स्थितीत असते त्याला. पायाळू माणसाच्या अंगी विशेष गुण असतात, त्याने लाथ मारली की लचकलेली पाठ बरी होते, अशा समजुती महाराष्ट्रात जुन्या आहेत. त्या जन्मस्थितीने बाळाच्या खुब्यावर जो ताण येतो त्याची जाणीव मात्र तिथे आढळत नाही. आनुवंशिकतेइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे जन्मानंतर बाळाला ठेवण्याची रीत. गर्भात मांड्या वाकलेल्या असतात. त्या एकाएकी सरळ करून, जुळवून, घट्ट बांधल्या की ताणलेले स्नायू माथ्याला वाटीबाहेर लोटतात. फळीच्या पाळण्यात पाय सरळ बांधून ठेवणाऱ्या अमेरिकेतील मूळनिवासी नवाहो समाजात, आणि घट्ट गुंडाळण्याची चाल असलेल्या इतर प्रदेशांत हा दोष मोठ्या प्रमाणात आढळला. जपानमध्ये क्योतोच्या यामामुरो व इशिदा यांनी हा संबंध ओळखला, आणि नवजातांचे पाय सरळ करून गुंडाळू नयेत यासाठी सुईणी व विशेषतः घरातील आज्यांपर्यंत पोहोचणारी मोहीम राबवली गेली. दोषाचे प्रमाण १.१ ते ३.५ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांच्या खाली आले. या दोषाच्या इतिहासात इतके भरघोस यश दुसऱ्या कोणत्याही उपायाला मिळालेले नाही, आणि यासाठी ना यंत्र लागले ना दवाखाना.

मराठी घरांत दोन परस्परविरोधी रीती एकाच अंगणात नांदतात. तेल लावून, न्हाऊ घालून, धुरी देऊन झाल्यावर बाळाला हातपाय सरळ करून दुपट्यात घट्ट आवळण्याची चाल सार्वत्रिक आहे, आणि काही घरांत पाय सरळ वाढावेत या समजुतीने ते मुद्दाम ताणून जुळवले जातात. दुसरीकडे, मान सावरू लागलेले मूल कडेवर घेतले जाते, आणि त्या स्थितीत मांड्या आपोआप वाकलेल्या व फाकलेल्या राहतात, पाव्हलिकांच्या पट्ट्यांत असतात तशाच. भारतात हा दोष कमी आढळतो अशी जी समजूत डॉक्टरांमध्ये दीर्घकाळ होती तिच्यामागे कडेवर घेण्याच्या रीतीचा वाटा असू शकेल. पण आवळण्याचे आठवडे आधी येतात आणि कडेवरचे महिने नंतर. सांध्याच्या घडणीचा सर्वांत नाजूक काळ दुपट्यातच सरतो. दुपटे सोडण्याची गरज नाही. छाती व हात गुंडाळून पायांकडे ते सैल ठेवले, आणि बाळाला गुडघे वर घेऊन फाकवता आले, की पुरते. न्हाऊ घालणाऱ्या बाईला आणि आजीला हे सांगणारे कोणी हवे, एवढेच.

शासकीय पातळीवर या दोषाची दखल भारतात घेतली गेली ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाचा आरंभ तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला, आणि जन्मजात व्यंगांच्या त्याच्या यादीत खुब्याच्या विकासदोषाचा समावेश आहे. प्रसूती झालेल्या केंद्रात तिथल्या कर्मचाऱ्यांनी आणि घरी जाऊन आशा कार्यकर्तीने नवजाताला पाहावे, आणि शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी त्याची रचना आहे. पुढे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या आणि बाल-अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून देशासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, ज्यांत प्रत्येक बाळाची जन्मतः आणि नंतर लसीकरणाच्या भेटींच्या वेळी हाताने तपासणी, आणि पायाळू जन्मासारखी जोखीम किंवा शंका असल्यास सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफी, असा क्रम सुचवला आहे. हा क्रम भारतीय परिस्थितीला धरून आहे, कारण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळ लसीसाठी आणले जातेच, आणि लस टोचण्यासाठी मांडी उघडी केलेली असतेच. मात्र तिसऱ्या महिन्यानंतर खूण बदलते, हे लस देणाऱ्या परिचारिकेला शिकवलेले असावे लागते. तोवर निखळलेला सांधा त्याच जागी आखडतो, बार्लो आणि ओर्तोलानी यांचे हिसके लागेनासे होतात, आणि त्यांच्या जागी पाहायचे असते ते हे की दोन्ही गुडघे वाकवून मांड्या फाकवल्या असता एक मांडी दुसरीपेक्षा कमी फाकते का, आणि पावले शेजारी शेजारी टेकवून गुडघे वर उभे केले असता एक गुडघा दुसऱ्यापेक्षा खाली राहतो का. दोन्ही खुबे निखळलेले असतील तर या तुलनेत काहीच उणे दिसत नाही. तेव्हा दोन्ही मांड्या नेहमीपेक्षा कमी फाकतात एवढीच खूण हाती उरते, आणि ती ओळखायला निरोगी बाळाच्या मांड्या किती फाकतात हे बोटांना ठाऊक असावे लागते.